बारा नंबरची घडी

आमच्या हॉस्पिटलची लॉन्ड्री तळघरात आहे. बावीस वर्षं मी तिथे चादरी धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या आणि घड्या घालून वर पाठवल्या. माझा स्वभाव जरा तापट, त्यामुळे पाठीमागे मला 'गरम इस्त्री' म्हणतात. पाठीमागे कशाला, तोंडावर म्हणा की. मी काही कुणाला जाळत नाही, फार तर चटका देते.

चादरी दोन प्रकारच्या. वरच्या तीन मजल्यांवर पैसेवाल्यांच्या स्वतंत्र खोल्या. तिथल्या चादरी जाड, मऊ आणि निळ्या काठाच्या. तळमजल्यावर मोफत वॉर्ड. तिथल्या बिनकाठाच्या आणि इतक्या विरलेल्या की उजेडासमोर धरल्या तर पलीकडचं माणूस ओळखू यावं. निळा काठ आधी धुवायचा, गरम पाण्यात, वेगळा. बिनकाठाच्या नंतर, सगळ्या एकत्र, उरलेल्या वेळात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण चुकला तर बोलणी मात्र खावी लागतात.

माझी धाकटी बहीण घडीच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्यासमोर उभी असायची. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मी एकोणीसची. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचा अभ्यास मी घेतला, तिला मार मी दिला, आणि शाळा सुटल्यावर लॉन्ड्रीत आणून चिकटवलंही मीच. लग्न तिने केलं नाही, माझं टिकलं नाही. एका खोलीत दोघी राहायचो आणि दिवसभर एकाच चादरीची दोन टोकं धरायचो, त्यामुळे भांडायला तिसरं माणूस शोधायची कधी गरज पडली नाही.

घडीची आमची एक पद्धत होती. काठ आत घ्यायचा, लांबीत दोनदा दुमडायची, मग रुंदीत तीन पदर करायचे आणि शेवटचं टोक खिशात रुमाल सरकवावा तसं आत खोचायचं. मग ट्रॉलीवर कितीही उंच ढीग रचा, घडी सुटत नाही. ते टोक खोचायची युक्ती माझी. धाकटीने ती इतकी उचलली होती की घरी टॉवेल, ओढणी, पिशवी, जे हाताला लागेल त्याचं टोक खोचून ठेवायची. मी चिडायचे, "अगं, पिशवीचं तोंड तरी उघडं ठेव!"

मग साथ आली. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख मिळाले. आम्हाला प्लास्टिकचे एप्रन आणि आठवड्याला एक हातमोज्यांची जोडी. आम्ही पोशाख मागितले तर मुकादम म्हणाला, "तुम्हाला कशाला? तुम्ही कुठे पेशंटजवळ जाता?"

"आम्ही नाही जात," मी म्हटलं, "पण पेशंटचं सगळं आमच्याजवळ येतं."

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या कलेत तो मुरलेला आहे. फरक एवढाच झाला की वरच्या चादरी आता पिशव्यांत बंद होऊन यायला लागल्या, प्रत्येक बेडची वेगळी पिशवी, वर बेडचा नंबर. खालच्या वॉर्डातली मात्र तशीच उघडी गाठोडी. ती सोडून, झटकून मशीनमध्ये टाकायचं काम धाकटीकडे होतं.

तिसऱ्या महिन्यात तिला ताप भरला. दोन दिवस ती म्हणत राहिली, "काही नाही गं, दमलेय." तिसऱ्या दिवशी जिना चढताना भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला पुढची पायरी चढता येईना. मी तिला धरून आमच्याच हॉस्पिटलात आणलं. बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशी. खालच्या वॉर्डात पलंग नव्हता, व्हरांड्यात गादी मिळाली. मनगटाला लावायच्या पट्ट्या संपल्या होत्या म्हणून तिच्या हातावर पेनाने नंबर लिहिला. ऑक्सिजनचं सिलिंडर तिघींत एक, पाळीपाळीने. एकीची पाळी संपली की दुसरी हात पुढे करायची. शाळेत नळावर मुलं थांबतात तशा त्या तिघी थांबायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला छातीचा एक्स-रे काढायला नेलं. एक्स-रेच्या खोलीबाहेर स्ट्रेचरची रांग लागली होती. मी कपड्यांची ट्रॉली घेऊन तिथूनच जात होते. पाहिलं तर ही थंडीने कुडकुडतेय आणि अंगावर ती जाळीदार बिनकाठाची चादर. माझ्या ट्रॉलीवर निळ्या काठाच्या ताज्या, अजून कोमट चादरींचा ढीग होता. त्यातली एक मी काढली आणि तिच्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत. बावीस वर्षांत मी तिथलं एक फडकंसुद्धा घरी नेलं नव्हतं. पण त्या वेळी मनात बाकी काही आलं नाही. तिला थंडी वाजत होती, एवढंच.

"ताई, किती मऊ आहे गं," ती डोळे मिटून म्हणाली. आयुष्यभर तिने त्या चादरी घडी केल्या होत्या. अंगावर कधी घेतली नव्हती.

तेवढ्यात स्ट्रेचर ढकलणारे एक मामा आले. आमच्याकडे वॉर्डातल्या सगळ्या पुरुष नोकरांना मामाच म्हणतात. हे मामा नवीन होते, आधीचे दोघे आजारी पडले म्हणून आदल्याच आठवड्यात घेतलेले. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, निळा काठ दिसल्यावर थांबले आणि मला विचारलं, "बारा नंबरच्या मॅडम याच ना? वरून फोनवर फोन येतायत."

मी मान हलवली. कशी हलवली ते मला नीट आठवत नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खोटं कशाला बोलू, 'हो' अशीच हलवली.

मामांनी स्ट्रेचर वळवलं आणि धाकटीला घेऊन लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं. माझ्या छातीत काहीतरी उड्या मारत होतं. चोरी केल्यावर माणसाला आनंद होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

बारा नंबरच्या बाईंचं काय झालं ते नंतर कळलं. त्या आदल्या संध्याकाळी भरती झाल्या होत्या. एक्स-रेला खाली आणलं तेव्हा त्यांच्या घरच्यांनी तिथूनच परस्पर गाडीत घालून त्यांना दुसऱ्या शहरात, याहून मोठ्या ठिकाणी हलवलं. ऑफिसला ठाऊक होतं, मजल्याला नव्हतं. वरचे कर्मचारी दर सहा तासांनी बदलत होते, सगळ्यांचे चेहरे झाकलेले, पेशंटच्या तोंडावरही मास्क. बारा नंबरच्या बेडवर एक बाई होती, बारा नंबरची फाइल होती. खाली व्हरांड्यात धाकटीच्या गादीवर तासाभरात दुसरी बाई आली, आधीची कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. धाकटीच्या हातावरचा पेनाचा नंबर सॅनिटायझरने पुसून गेला होता. ती बारा नंबर झाली.

रोज सकाळी धुतलेल्या चादरी घेऊन मी त्या मजल्यावर जायचे. खोलीत जायची परवानगी नव्हती, दाराशी कपाट होतं, त्यात घड्या रचायच्या. पहिल्या सकाळी मी दार बोटभर ढकललं. भिंतीतून येणारा ऑक्सिजन तिच्या तोंडावर भुसभुस करत होता. कुणाची पाळी नाही, कुणी हात पुढे करत नाही. आकडा एक्क्याण्णव.

"बोलू नकोस," मी कुजबुजले. "कुणी नाव विचारलं तर खोकायचं. पत्ता विचारला तर जास्त खोकायचं."

तिला हसू आलं आणि खरंच खोकला आला.

"आणि ऐक. कुणी आत आलं की उठून बसू नकोस. पाणी हवं तर बेल दाब, स्वतः घेऊ नकोस. सारखं सारखं थँक्यू म्हणू नकोस. झाडूवाल्या मावशीला बसायला सांगू नकोस. मॅडमसारखी पडून राहा."

"मॅडम कशा पडतात गं?"

"जशा चादरी येतात ना चुरगळून, तशा. हातपाय पसरून."

दुसऱ्या दिवशी आकडा त्र्याण्णव झाला. तिसऱ्या दिवशी पंच्याण्णव. ती मास्क बाजूला करून मला म्हणाली, "ताई, इथे मला 'अहो' म्हणतात. 'अहो मॅडम, जरा कुशीवर वळता का?' मला आधी कळेचना, कुणाला बोलतायत. मी मागे वळून बघितलं." मला तेव्हा हसावं की रडावं ते कळलं नाही. खाली व्हरांड्यात तिला "ए, सरक" म्हणत होते, आणि त्यात कुणाचा राग नव्हता. तिथे भाषाच ती आहे.

त्या मजल्यावर सगळ्या नर्सना सिस्टर म्हणतात. माझ्या सख्ख्या बहिणीला मात्र मी तिथे ओळख देऊ शकत नव्हते. कपाटाशी रेंगाळायचे, घड्या उगाच पुन्हा रचायचे, आणि काचेतून तिची छाती वरखाली होताना बघायचे. दुसऱ्याचं औषध, दुसऱ्याची फाइल, याची भीती वाटायची. डॉक्टर राउंडला येऊन फाइलवर 'सुधारणा' लिहून गेले तेव्हा भीती थोडी कमी झाली. अजून चार दिवस, मी मनात म्हणायचे. चार दिवस मिळाले की ती स्वतःच्या श्वासावर येईल, मग काय व्हायचं ते होऊ दे.

पाचव्या सकाळी मी ट्रॉली घेऊन पोहोचले तर बारा नंबरचं दार उघडं. आत इन्चार्ज सिस्टर उभ्या होत्या. वीस वर्षं त्या मजल्यावर आहेत, कडक, पण वाईट नाहीत. धाकटी पलंगावर बसली होती, केस विंचरलेले, चेहऱ्यावर रंग आलेला. पायाशी चादर घडी करून ठेवली होती. काठ आत, तीन पदर, टोक खोचलेलं.

"ही नवीन चादर इथे कुणी ठेवली? खोलीत आणून द्यायचं नाही असं सांगितलंय ना?" सिस्टरनी विचारलं. त्यांना वाटलं, मी ठेवली.

"नवीन नाही हो सिस्टर, माझ्याच अंगावरची आहे," धाकटी म्हणाली. "बरं वाटलं म्हणून घडी घालून टाकली. असं चुरगळलेलं पडलेलं बघवत नाही मला."

मी तिला सगळं सांगितलं होतं. उठू नकोस, बोलू नकोस, थँक्यू म्हणू नकोस. घडीचं सांगायचं राहिलं.

सिस्टरनी ती चादर उचलली. टोकाशी बोट घातलं आणि बाहेर काढलं. वीस वर्षं रोज त्या माझ्या घड्या कपाटातून काढून, तेच टोक सोडवून बेडवर अंथरत होत्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, मग दारात माझ्याकडे, मग परत धाकटीकडे.

"तुम्ही काय करता?" त्यांनी तिला विचारलं.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. खोकायचं होतं, पण आता तिला खोकलाच येत नव्हता.

"तू लॉन्ड्रीतली ना?" सिस्टर म्हणाल्या.

'तुम्ही'चं 'तू' व्हायला एक घडी पुरली.

मी आत गेले. परवानगी नव्हती, गेले. "माझी बहीण आहे," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मला काढा कामावरून, पोलिसात द्या, काहीही करा. तिला चार दिवस राहू द्या. आकडा बघा, पंच्याण्णव आहे. नळी काढली की खाली येतो, कालच मावशी सांगत होत्या. हात जोडते तुम्हाला." बावीस वर्षांत मी तिथे कुणापुढे हात जोडले नव्हते. नीट जोडताही आले नाहीत, हातात ट्रॉलीची दोरी तशीच होती.

सिस्टरनी बाहेर जाऊन ऑफिसला फोन लावला. त्या परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मास्कवर तेवढेच दिसत होते. "काल मला माहीत नव्हतं म्हणून चाललं," त्या म्हणाल्या. "आता ऑफिसला कळलंय. बेड दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणतात, माणूस यायचंय. माझ्या हातात काय आहे, सांग."

माणूस यायचंय म्हटल्यावर मी जोडलेले हात खाली घेतले. मला वाटलं, खरंच कुणीतरी दारात गाडीत तळमळत असेल, त्याची आई नाहीतर बायको त्याचा हात धरून बसली असेल. त्याचाही जीवच आहे. गेले चार दिवस आपण त्याचा श्वास खात होतो, असं मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

तेच नवीन मामा स्ट्रेचर घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. धाकटी स्वतःहून उतरून स्ट्रेचरवर आडवी झाली. अंगावर बिनकाठाची चादर टाकली गेली. लिफ्टपर्यंत मी बरोबर होते.

"ताई, खाली पण भिंतीत नळी आहे ना आता?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

नव्हती. तिघींचं सिलिंडर आता चौघींत झालं होतं. त्या दुपारी तिचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता. वॉर्डाच्या दाराला आता कुलूप लावायला लागले होते, नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मी आतल्या मावशीला विचारायचे आणि ती बोटांनी आकडा दाखवायची. दुसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी. बोटं दाखवताना मावशीने दुसरीकडे तोंड फिरवलं. मला कामावरून काढलं नाही, कारण लॉन्ड्रीत माणसंच उरली नव्हती. मुकादमाने माझी वरच्या मजल्यांवरची फेरी बंद केली आणि एवढंच म्हणाला, "तुझं नंतर बघू." मी मशीनपाशी उभी राहायचे आणि प्रत्येक वेळी फोन वाजला की हातातली चादर टाकून धावायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मला तिचं तोंड बघू दिलं नाही. लांबून एक बांधलेलं गाठोडं दाखवलं, त्यावर पेनाने नंबर लिहिलेला. त्या गाडीत एकूण पाच होती. मी कितव्याला नमस्कार केला ते मला आजही माहीत नाही.

पुढल्या सकाळी मी कामावर आले. लोक म्हणाले, एवढी कसली घाई. पण खोलीवर बसवत नव्हतं. दोरीवर तिचा टॉवेल होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं. मशीन सुरू केलं आणि वरच्या पिशव्या फोडायला घेतल्या. नऊ, दहा, अकरा. बारा नंबरची पिशवी हलकी लागली. आतली चादर बाहेर काढली तर ती चुरगळलेली नव्हती. माझ्या इस्त्रीच्या रेघा तिच्यावर जशाच्या तशा होत्या. बेडवर अंथरलेली, पण तिच्यावर कुणी झोपलेलं नव्हतं. डाग नाही, केस नाही, घामाचा वास नाही. साबणाचा वास येत होता, आमच्याच.

मजल्यावरची झाडूवाली मावशी रिकाम्या पिशव्या न्यायला खाली आली होती. मी तिला विचारलं, "बारा नंबरला कोण आलंय?"

"कोण येणार?" ती म्हणाली. "रिकामाच आहे. त्या आधीच्या मॅडमच्या घरच्यांनी पैसे भरून धरून ठेवलाय. तिकडे बरं नाही वाटलं आणि परत आल्याच, तर असावा म्हणून. रोज चादर बदलायची, रोज फरशी पुसायची. माणूस नसलं तरी नियम म्हणजे नियम."

"कधीपासून रिकामा?"

मावशीने मान खाली घातली. "तुझ्या बहिणीला खाली नेलं ना, तेव्हापासून."

मग मला आठवलं. आदल्या दिवशीही बारा नंबरची पिशवी अशीच हलकी होती. त्याच्या आदल्या दिवशीही. दोन्ही सकाळी मी ती चादर बाहेर काढली होती, उलटीसुलटी पाहिली होती आणि मशीनमध्ये टाकली होती. दुसऱ्या सकाळी तर मी शेजारच्या मशीनवरच्या बाईला म्हटलंसुद्धा होतं, "बरं झालं, एक तरी स्वच्छ आली." त्या दोन्ही सकाळी धाकटी जिवंत होती. माझ्या डोक्यावर, एका मजल्याच्या अंतरावर, सिलिंडरसाठी हात पुढे करून पडली होती. आणि बेड रिकामा आहे हे माझ्या दोन्ही हातांत होतं. कळलं असतं तर मी जिना चढून वर गेले असते, ऑफिसात गेले असते, सगळ्या मजल्यांवर ओरडत फिरले असते. त्याने काही झालं असतं असं नाही. बहुतेक नसतंच झालं. पण मी ओरडले असते.